घशातील टोचणी आणि कानाखालचे हाड

घशाच्या एकाच बाजूस महिनोन्‌महिने काहीतरी रुतून बसल्याची जाणीव, आवंढा गिळताना थेट कानापर्यंत जाणारी कळ, जांभई देताना किंवा मान वळवताना जबड्याच्या कोनाखाली उठणारी सणक, आणि एवढे सगळे असूनही तोंड उघडून पाहणाऱ्याला घसा लाल नाही, सुजलेला नाही, टॉन्सिलवर पू नाही, सर्व काही ठाकठीक दिसावे, अशा विचित्र अवस्थेत सापडलेल्या रुग्णाचे पुढे जे हाल होतात ते वैद्यकाशी निकटचा संबंध असणाऱ्या कोणालाही अपरिचित नाहीत. प्रथम अक्कलदाढेवर संशय जातो आणि एखादे वेळी ती निरपराध दाढ काढलीही जाते. मग आम्लपित्तावर गोळ्या सुरू होतात. मग कान तपासला जातो आणि त्यात काही सापडत नाही. अर्धशिशीचे औषधही होऊन जाते. आणि अखेरीस घरातलीच माणसे दबक्या आवाजात म्हणू लागतात, की हे सारे मनाचे खेळ आहेत. दुखणे खरे असताना ते कोणालाही पटवून देता येऊ नये, हा त्या दुखण्याहून वेगळा आणि कित्येकदा त्याहून जड असा भार रुग्णाच्या माथी बसतो.

अशा वेदनेची जी नाना कारणे संभवतात त्यांपैकी एक विरळ कारण म्हणजे कानाखाली, कवटीच्या तळाशी असलेल्या एका सुईसारख्या हाडाची अवाजवी वाढ. आणि तिच्यापासून उद्भवणाऱ्या लक्षणसमूहास ‘ईगल सिंड्रोम’ असे नाव आहे. या विकाराच्या बाबतीत रुग्णाचे नुकसान दोन परस्परविरुद्ध मार्गांनी होऊ शकते. एक तर कारण वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातच येत नाही. किंवा याच्या अगदी उलट, कोठल्यातरी एक्स-रेमध्ये हाड लांब दिसले एवढ्याच पुराव्यावर सारा दोष त्याच्यावर ठेवून घाईघाईने शस्त्रक्रिया ठरते आणि वेदना मात्र होती तशीच राहते. प्रतिमातपासण्या सुलभ झालेल्या आजच्या काळात हा दुसरा धोका पहिल्याइतकाच गंभीर झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि म्हणूनच पुढील विवेचनात निदानाच्या पायऱ्यांवर मी अधिक भर देणार आहे.

हे हाड, ज्यास डॉक्टर ‘स्टायलॉइड प्रोसेस’ म्हणतात, शंखास्थीच्या तळापासून निघून खाली, पुढे आणि किंचित आतल्या बाजूस झुकलेले असते. त्याची लांबी सामान्यतः अडीच ते तीन सेंटिमीटर धरली जाते. त्याच्या टोकापासून एक बंध निघून घशाच्या वरच्या भागातील कंठिकास्थीपर्यंत जातो. शिवाय जीभ, ग्रसनी आणि कंठिकास्थी यांना हलवणारे तीन स्नायू याच हाडावरून उगम पावतात. गर्भावस्थेत ज्या कूर्चेपासून हे हाड घडते तिच्यापासूनच तो बंधही घडत असल्यामुळे काही व्यक्तींमध्ये बंधातही चुन्याचे क्षार साठून तो अंशतः अथवा संपूर्ण हाडासारखा कठीण होतो. आता या हाडाचा शेजार पाहिला म्हणजे त्याच्या वाढीने एवढा उपद्रव का व्हावा, याचा उलगडा होतो. मेंदूकडे जाणारी आतली धमनी आणि चेहऱ्याकडे जाणारी बाहेरची धमनी यांच्या मधोमध त्याचे टोक येते. चेहऱ्याच्या हालचालींचा मज्जातंतू त्याच्या मुळाशीच कवटीबाहेर पडतो. आणि घसा, जिभेचा मागचा भाग व कान यांची संवेदना वाहणारा जिव्हाग्रसनी मज्जातंतू त्याला अगदी लगटून जातो. घशातील कळ कानात का उतरते, या प्रश्नाचे उत्तर या शेवटच्या मज्जातंतूत आहे, कारण दोन्ही ठिकाणांची वार्ता तो एकाच वाटेने मेंदूकडे पोहोचवतो.

इटलीतील पादुआ येथील शल्यविद पिएत्रो मार्चेट्टी यांनी १६५२ सालीच अशा वाढलेल्या हाडाची नोंद केली होती. परंतु लक्षणे आणि हाड यांची सांगड पद्धतशीरपणे घातली ती अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक विद्यापीठाचे कान-नाक-घसातज्ज्ञ वॉट ईगल यांनी. १९३७ साली त्यांनी दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि पुढील दोन दशकांत असे दोनशेहून अधिक रुग्ण त्यांच्या नोंदीत जमा झाले. त्यांनी केलेले दोन प्रकारांचे वर्गीकरण आजही उपयोगाचे ठरते.

पहिला प्रकार टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर दिसून येतो. टॉन्सिल काढलेल्या जागी जो व्रण भरून येतो त्यामुळे तेथील ऊती ताणल्या जातात आणि लांब हाडाच्या टोकावरील मज्जातंतूंच्या शाखांवर दाब येतो, अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. मंद, सततचा ठणका, गिळताना त्रास, घशात परकी वस्तू अडकल्याचा भास आणि कानदुखी ही त्याची ओळख. टॉन्सिल कधीही न काढलेल्या माणसांतही ही लक्षणे आढळतात, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. टॉन्सिल शाबूत आहेत म्हणून हा विकार नाकारता येत नाही. दुसऱ्या प्रकारात हाड धमनीला घासते अथवा दाबते. मग मानेत धमनीच्या वाटेने दुखते, डोळ्याभोवती किंवा गालावर वेदना पसरते, मान विशिष्ट कोनात वळवली की घेरी येते, क्वचित क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येऊन मेंदूस रक्तपुरवठा कमी पडल्याची चिन्हे दिसतात. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार अधिक लक्षात येतो.

ज्याला स्वतःविषयी असा संशय वाटतो त्याने प्रथम काय करावे? माझी पहिली शिफारस अशी, की डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी निदान दोन आठवडे एका साध्या वहीत आपल्या दुखण्याची तारीखवार नोंद ठेवावी. तीत विशेषणे नकोत, तपशील हवा. ‘फार भयंकर दुखते’ या वाक्यापासून डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. परंतु ‘सकाळी, चूळ भरताना मान उजवीकडे वळवली, उजव्या कानात कळ, साधारण दोन मिनिटे’, किंवा ‘दुपारी, भाकरीचा घास गिळताना, डावीकडे काहीच नाही, उजवीकडे काटा टोचल्यासारखे, पाणी पिताना मात्र नाही’, अशा दहा-बारा ओळींतून निदानाचा अर्धा मसुदा तयार होतो. दुखणे नेहमी एकाच बाजूस आहे की बाजू बदलते, कोणत्या हालचालीने सुरू होते, किती वेळ टिकते, रात्री झोपेतून जागे करते काय, एक बोट ठेवून जागा दाखवता येते की हात फिरवूनच सांगावे लागते, पूर्वी टॉन्सिलची शस्त्रक्रिया अथवा मानेस मार लागणे असे काही घडले होते काय, आणि आजवर कोणती औषधे किती दिवस घेतली व त्यांचा काय परिणाम झाला, एवढ्या बाबी त्यात याव्यात. ही वही आणि जुने सर्व रिपोर्ट एकत्र घेऊन कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे जावे. मोठ्या दंत महाविद्यालयांतील मुखशल्यचिकित्सकांनाही या विकाराचा परिचय असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांचा मार्ग ज्यांना खासगी खर्च पेलत नाही त्यांना खुला आहे.

तपासणीत सर्वांत मोलाची आणि कवडीचाही खर्च नसलेली गोष्ट म्हणजे डॉक्टरांचे हातमोजा घातलेले बोट. रुग्णास समोर बसवून ते दुखत नसलेल्या बाजूकडून आरंभ करतात, म्हणजे तुलनेला आधार मिळतो. मग दुखऱ्या बाजूस टॉन्सिलच्या खोबणीत बोटाने हलका दाब देतात. सामान्य लांबीचे हाड तेथे लागत नाही. वाढलेले असल्यास मऊ ऊतींखाली एक टणक, टोकदार कणा बोटास जाणवतो. परंतु हाड लागण्यापेक्षाही महत्त्वाची आहे ती रुग्णाची प्रतिक्रिया. तेथे दाब दिल्यावर केवळ उमासा आला किंवा सामान्य दुखले, तर त्यास फारसा अर्थ नाही. पण रुग्ण दचकून मागे सरला आणि मोकळे होताच म्हणाला, ‘हीच, हीच ती कळ’, आणि ती त्याच कानात, त्याच वाटेने गेली, तर संशयास पहिला भक्कम आधार मिळाला असे समजावे. ही परीक्षा आरशासमोर स्वतःच्या बोटाने करू पाहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण पुन्हा पुन्हा चाचपून तो भाग खरोखरच हुळहुळा होतो आणि मग डॉक्टरांच्या तपासणीचा निष्कर्ष गढूळ होतो.

पुढची पायरी म्हणजे त्याच जागी भूल देणाऱ्या औषधाचे अल्प प्रमाणात इंजेक्शन देऊन वेदना तात्पुरती शमते काय, हे पाहणे. ती शमली तर वेदनेचा उगम त्या प्रदेशात आहे, याची खातरजमा होते. मात्र तेवढ्यावरून हाडच दोषी ठरत नाही, कारण जिव्हाग्रसनी मज्जातंतूच्या स्वतंत्र विकारातही ही जागा बधिर केल्यावर आराम पडतो. या इंजेक्शननंतर घशाची बधिरता पूर्णपणे उतरेपर्यंत काहीही खाऊ-पिऊ नये, नाहीतर घास श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो.

प्रतिमातपासणीचा क्रम यानंतर. दंतवैद्यांकडे काढला जाणारा ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एका पट्ट्यावर दाखवणारा एक्स-रे, स्वस्त आहे आणि त्यात हाडाची लांबी बहुधा दिसून येते. पण त्यात प्रतिमा मूळ आकारापेक्षा काहीशी मोठी उमटते आणि हाड आत किती झुकले आहे ते कळत नाही. म्हणून निर्णायक मोजमापासाठी सीटी स्कॅन व त्यावरून तयार केलेली त्रिमितीय प्रतिमा आवश्यक असते. येथे एक व्यवहारातली सूचना करणे अगत्याचे आहे. मानेच्या नेहमीच्या स्कॅनच्या रिपोर्टात या हाडाचा उल्लेख पुष्कळदा नसतोच. तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन्ही बाजूंच्या स्टायलॉइड हाडांची लांबी, जाडी, कल आणि टॉन्सिलच्या खोबणीपासूनचे व धमनीपासूनचे अंतर यांची स्पष्ट मागणी केली आहे ना, हे रुग्णाने नम्रपणे विचारून घ्यावे. मान वळवल्यावर घेरी येत असेल तर रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून धमनीचे स्कॅन करावे लागते, आणि ते ज्या स्थितीत लक्षणे उद्भवतात त्याच स्थितीत मान ठेवून केल्यास अधिक बोधप्रद ठरते. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाची औषधे आणि पूर्वीची ॲलर्जी यांची माहिती रंगद्रव्य देण्यापूर्वी सांगितलीच पाहिजे.

आता या साऱ्या विषयातील कळीचा मुद्दा. शंभर माणसांतील साधारण चौघांचे हे हाड सामान्यापेक्षा लांब असते, असा ईगल यांचा अंदाज होता. काही पाहण्यांत हे प्रमाण पुष्कळच अधिक आढळले आहे. आणि ज्यांचे हाड लांब आहे अशा पंचवीस जणांत एखाद-दोघांनाच काय तो त्रास होतो. बाकीचे त्या हाडासह खुशाल आयुष्य काढतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. एखाद्याचे चार सेंटिमीटरचे हाड मुळीच उपद्रव देत नाही, आणि एखाद्याचे तीनच सेंटिमीटरचे पण आत वळलेले हाड त्यास जेरीस आणते. यावरून उघड होते, की रिपोर्टातील ‘हाड लांब आहे’ हे वाक्य म्हणजे रोगाचा दाखला नव्हे. लक्षणांचा इतिहास, बोटाने दाबल्यावर तीच वेदना जागी होणे, बधिर केल्यावर ती शमणे आणि स्कॅनमध्ये त्याच बाजूस हाड वाढलेले अथवा वळलेले दिसणे, या चारही गोष्टींची रुजवात झाली तरच निदान पक्के मानावे. दुखणे उजवीकडे आणि लांब हाड डावीकडे असे असेल तर त्या हाडास हात लावण्याचे कारण नाही, हे सांगण्याची वास्तविक गरज नसावी; परंतु वर्षभर वेदनेने त्रासलेला माणूस कोणत्याही ठोस कारणाला मिठी मारावयास आतुर झालेला असतो, आणि त्याची ती अगतिकता मी पूर्ण सहानुभूतीने समजू शकतो, म्हणूनच ते सांगितले.

तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे अधिक गंभीर आणि अधिक सामान्य कारणे प्रथम दूर सारणे. आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मशेरी आणि सुपारी यांचा प्रसार लक्षात घेता, एका बाजूचे घशाचे दुखणे आणि त्याच बाजूची कानदुखी ही जिभेच्या मुळाशी अथवा टॉन्सिलमध्ये दडलेल्या कर्करोगाची सूचना असू शकते, ही शक्यता दुर्बिणीने घसा नीट तपासून निकालात काढल्याखेरीज ईगल सिंड्रोमचे नावही काढू नये. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला आवाजातील बदल, मानेतील गाठ, थुंकीतून रक्त, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे किंवा कारणाविना घटणारे वजन यांपैकी काही असेल तर एक दिवसही दवडू नये. विजेच्या झटक्यासारखी, काही सेकंदांतच येऊन जाणारी आणि गिळताना, बोलताना वा खोकताना उसळणारी वेदना जिव्हाग्रसनी मज्जातंतूच्या विकाराकडे बोट दाखवते. तिच्यासाठी एमआरआय लागतो आणि तिचा इलाजही निराळा. गालाला वारा लागला तरी किंवा दात घासताना कळ येत असेल तर त्रिशाखी मज्जातंतूचा, चावताना कानापुढे कटकट वाजून दुखत असेल तर जबड्याच्या सांध्याचा, आणि पन्नाशीनंतर कानशिलाची शीर दुखू लागून दृष्टी अंधूक होत असेल तर तेथील धमनीच्या दाहाचा विचार तातडीने झाला पाहिजे, कारण या शेवटच्या विकारात विलंबाने डोळा जाऊ शकतो.

ज्यांना मान वळवल्यावर घेरी येते त्यांनी निदान होईपर्यंत मानेस झटका बसेल असे काही करू नये. केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान कडकन मोडून घेण्याची आपल्याकडची रीत, किंवा दुखऱ्या मानेवर जोराचे मालिश, या गोष्टी अशा रुग्णाच्या धमनीच्या आतल्या अस्तरास इजा करू शकतात. चेहरा एकाएकी वाकडा होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एका डोळ्याने दिसेनासे होणे, यांपैकी काहीही घडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून थेट मोठ्या रुग्णालयात जावे. ते लक्षण पंधरा मिनिटांत आपोआप ओसरले तरीसुद्धा जावे.

निदान पक्के झाल्यावर उपचाराचा आरंभ, धमनीवर दाब नसेल तर, औषधांनीच करणे शहाणपणाचे. सूज व वेदना शमवणाऱ्या गोळ्या अल्प मुदतीसाठी देतात, पण त्या पोट आणि मूत्रपिंड यांना बाधतात म्हणून दुकानातून परस्पर घेत राहू नयेत. मज्जातंतूंची वेदना कमी करणारी गॅबापेन्टिन, कार्बामॅझेपिन किंवा अल्प मात्रेतील अॅमिट्रिप्टिलिन ही औषधे सावकाश वाढवत नेतात. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, आरंभी गुंगी येते, आणि ती एकदम बंद करावयाची नसतात. अपवाद एकच. कार्बामॅझेपिन सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले, ताप आला किंवा तोंडात फोड आले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण त्वचेची ही प्रतिक्रिया प्राणघातक होऊ शकते. टॉन्सिलच्या खोबणीत स्टेरॉइड व भुलीचे औषध एकत्र देऊनही कित्येकांना काही महिने आराम मिळतो. सौम्य त्रास असलेल्या पुष्कळांचे एवढ्यावर भागते. आणि हे हाड म्हणजे काही गाठ नव्हे, ते तेथे राहिल्याने कर्करोग होत नाही, एवढा खुलासा ऐकूनच काहींच्या मनावरचे दडपण उतरते.

औषधांनी पुरेसा गुण येत नसेल, गिळणे किंवा बोलणे दुःसह झाले असेल, अथवा धमनीवर दाब सिद्ध झाला असेल, तर वाढलेले हाड कापून काढण्याची शस्त्रक्रिया करतात. तिच्या दोन वाटा आहेत. तोंडातून जाणाऱ्या वाटेने चेहऱ्यावर व्रण राहत नाही आणि रुग्ण लवकर बरा होतो, परंतु शल्यविदास जागा अपुरी मिळते, खोलवरच्या रक्तवाहिन्या नीट दिसत नाहीत आणि मानेच्या अंतर्भागात जंतुसंसर्ग होण्याची भीती असते. जबड्याखाली बाहेरून छेद घेतल्यास धमनी व मज्जातंतू डोळ्यांसमोर राहतात आणि हाड अधिक वरपर्यंत काढता येते. मात्र व्रण राहतो, आणि खालचा ओठ हलवणाऱ्या मज्जातंतूस ताण बसून तो काही काळ वाकडा दिसू शकतो. धमनीशी संबंध असेल तेथे बाहेरची वाट श्रेयस्कर, असा सामान्य कल आहे. इतरत्र शल्यविदाचा हात ज्या पद्धतीत बसला असेल तीच बरी. पूर्वी हे हाड नुसते बोटाने मोडून सोडून देत असत. ती पद्धत आता त्याज्य मानली जाते.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी रुग्णाने निःसंकोचपणे विचारावे, की आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, माझ्या बाबतीत हीच वाट का निवडली, हाड किती काढणार, आणि त्यानंतरही दुखणे राहिले तर पुढची तजवीज काय. बहुसंख्य रुग्णांना चांगला आराम पडतो, तरीही काहींची वेदना अंशतः उरते, कारण दीर्घकाळ दाबला गेलेला मज्जातंतू दाब हटल्यावरही काही काळ, क्वचित कायम, चेतलेला राहतो. हे आधी समजावून सांगणारा डॉक्टर रुग्णास घाबरवतो असे कोणी मानू नये.

शस्त्रक्रियेनंतर आठवडा-दोन आठवडे घसा दुखणारच. त्या काळात थंड किंवा कोमट पेज, मऊ दहीभात, खिचडी यांवर राहावे. तिखट, कुरकुरीत आणि गरम पदार्थ वर्ज्य. तंबाखू तर सर्वथैव वर्ज्य. तोंडातून ताजे रक्त येणे, ताप चढणे, मानेवर सूज वाढत जाणे, तोंड उघडेनासे होणे किंवा श्वास कोंडणे यांतील काहीही दिसल्यास दूरध्वनीवर विचारपूस करत न बसता रुग्णालयात परत जावे. पुढे वेदनेची तीच वही किमान तीन महिने चालू ठेवावी, म्हणजे सुधारणा खरी आहे की भासमान, याचा पडताळा राहतो आणि औषधे केव्हा व किती उतरवावयाची हे ठरवता येते. दोन्ही बाजूंची हाडे लांब असली तरी शस्त्रक्रिया दुखणाऱ्या बाजूचीच करावी. दुसरी बाजू मुकी आहे तोवर तिला तशीच राहू द्यावी, आणि स्कॅनची सीडी, रिपोर्ट व शस्त्रक्रियेची टिपणे एका फाइलीत जपून ठेवावीत, कारण पुढे कधी त्या बाजूने तक्रार केलीच तर तुलनेसाठी तीच लागतील.